तिघांचा मिळून एक युक्तिवाद: शालेय संघ-वादविवादाची तयारी कशी करावी

आपल्याकडच्या बहुतेक शाळांना वादविवाद स्पर्धा ठाऊक असते ती अशी. विषय महिनाभर आधी येतो. शाळा दोन विद्यार्थी पाठवते, एक अनुकूल बाजूने बोलायला, एक प्रतिकूल. प्रत्येकाला ५ मिनिटे; चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, पाचव्याला शेवटची. भाषण बाईंनी किंवा सरांनी लिहून दिलेले, घरी पाठ करून घेतलेले. सकाळपासून दुपारपर्यंत तीस-चाळीस मुले एकामागून एक बोलून जातात आणि पंधराव्या मुलाने चौदाव्याच्या एकाही वाक्याला उत्तर दिलेले नसते.

वक्तृत्व म्हणून हे चांगलेच आहे. आवाज, उच्चार, सभाधीटपणा यांची तयारी तिथे होते आणि ती पुढे उपयोगी पडते. पण वाद व्हायचा तर कुणीतरी कुणाचे तरी ऐकून घ्यावे लागते. संघ-वादविवादात हे ऐकणे टाळताच येत नाही. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी याच्याइतका चांगला अभ्यास मला दुसरा सापडलेला नाही. गेली काही वर्षे मी मराठी माध्यमाच्या मुलांकडून तो करून घेतो आहे. ज्या शिक्षकांना आणि मुलांना अगदी पहिल्यापासून सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी हा सगळा तपशील.

सामन्याची रचना

संघ-वादविवादाचे साचे अनेक आहेत. शाळेसाठी मी 'वर्ल्ड स्कूल्स' पद्धत सुचवतो. शालेय संघांची जागतिक स्पर्धा १९८८ साली ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा झाली आणि तिच्यातून ही पद्धत घडत गेली. ती स्पर्धा इंग्रजीत होते, पण नियमांमध्ये इंग्रजीवाचून अडावे असे काही नाही. मराठीत सामना उत्तम रंगतो.

संघ दोन: प्रस्तावाच्या बाजूचा तो अनुकूल, विरोधातला तो प्रतिकूल. संघात तीन ते पाच मुले असतात, पण एका सामन्यात तिघेच बोलतात. अनुकूलचा पहिला वक्ता सुरुवात करतो, मग प्रतिकूलचा पहिला, मग दोन्हीकडचे दुसरे, मग तिसरे. ही सहा मुख्य भाषणे प्रत्येकी ८ मिनिटांची. त्यानंतर दोन्ही संघांचे समारोपाचे एकेक भाषण, ४ मिनिटांचे. समारोपात क्रम उलटतो: आधी प्रतिकूल, शेवटी अनुकूल. म्हणजे प्रतिकूलचा तिसरा वक्ता बसला की त्यांचाच समारोप सुरू होतो, त्यांना सलग १२ मिनिटे मिळतात. त्या बदल्यात शेवटचा शब्द अनुकूलचा. समारोप पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानेच करायचा. तिसऱ्याला ती मुभा नाही.

नुसती भाषणे धरली तर ५६ मिनिटे होतात, म्हणजे जोडून घेतलेल्या दोन तासिकांत सामना आरामात बसतो. नवशिक्या मुलांना ८ मिनिटे फार होतात. पहिल्या काही महिन्यांत मुख्य भाषण ५ मिनिटांचे आणि समारोप ३ मिनिटांचा ठेवा. सगळे मिळून ३६ मिनिटे, जवळपास एका तासिकेत काम होते. भाषणाची लांबी वाढवायची घाई करू नका. मिनिटे भरायला मुले तोच मुद्दा तीनदा सांगू लागतात आणि ती सवय मोडणे अवघड जाते.

अध्यक्ष, वेळ पाहणारा आणि परीक्षक एवढी माणसे लागतात. परीक्षक विषम संख्येने असावेत, बहुधा तीन. त्यांनी आपसांत चर्चा करून निकाल द्यायचा नसतो. प्रत्येकाने आपापला निर्णय कागदावर लिहायचा आणि बहुमत मोजायचे.

आधी विषय नीट करा

'मोबाईल: शाप की वरदान' हा आपला लाडका विषय. निबंधाला तो चालेल, सामन्याला नाही, कारण दोन्ही संघ फिरून 'वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' या एकाच ओट्यावर येऊन बसतात. प्रस्तावात कुणीतरी काहीतरी करायचे असले पाहिजे. 'दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या आवारात मोबाईल आणायला बंदी असावी' असे म्हटले की लगेच दोन तट पडतात. पालकसभेत हा विषय काढला तर लोक दोन्ही बाजूंनी बोलतील का, एवढा विचार मनाशी केला तरी चांगला प्रस्ताव ओळखता येतो.

मराठीत प्रस्तावाची जुनी भारदस्त सुरुवात आहे, 'या सभेचे असे मत आहे की'. ती वापरावी. पुढचे सगळे मी एकाच प्रस्तावावर दाखवतो, म्हणजे धागा सुटणार नाही:

'या सभेचे असे मत आहे की, कमी पटसंख्येच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्यात.'

हा विषय आपल्या मुलांच्या अंगणातला आहे. २०२३ साली महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने वीसपर्यंत पट असलेल्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातले पानशेत ही उदाहरणे पुढे आली आणि राज्यभर वाद झाला. खेड्यातल्या मुलाला या विषयावर बोलायला पुस्तक उघडावे लागत नाही. त्याने अशी शाळा पाहिलेली असते, कदाचित तो तिथेच शिकलेला असतो.

रेषा आखणे

अनुकूलच्या पहिल्या वक्त्याचे पहिले काम म्हणजे प्रस्तावातले शब्द जमिनीवर आणणे. कमी पट म्हणजे किती? समूह शाळा किती अंतरावर? मुलांना नेणार कोण, त्याचे पैसे कोण देणार? सध्याच्या शिक्षकांचे काय? इथे संघ आपली योजना मांडतो. उदाहरणार्थ: 'पट वीसपर्यंत असलेल्याच शाळा आम्ही धरतो. पहिली-दुसरीची मुले गावातच शिकतील. तिसरीपासूनची मुले समूह शाळेत जातील, मोफत बसने. जिथे बारमाही रस्ता नाही त्या वस्त्या आम्ही वगळतो.' एवढे दीड मिनिटात सांगता आले पाहिजे.

योजना प्रामाणिक असावी. 'जिथे सर्व पालक आनंदाने तयार आहेत तिथेच समूह शाळा करू' असे म्हणणारा संघ प्रतिकूल बाजूला बोलायला काही शिल्लकच ठेवत नाही. ही हुशारी चांगल्या परीक्षकासमोर चालत नाही. व्याख्या खरोखरच अन्यायाची असेल तर प्रतिकूलच्या पहिल्या वक्त्याने ती तिथेच, भाषणाच्या सुरुवातीला नाकारायची, का नाकारतो ते सांगायचे आणि स्वतःची व्याख्या द्यायची. ती संधी गेली की गेली. दुसऱ्या वक्त्याने उठून व्याख्येवर भांडता येत नाही. पण माझा सल्ला असा की, शंभरातल्या पंचाण्णव वेळा व्याख्या मान्य करून पुढे जा. व्याख्येवर अडलेल्या सामन्यात कुणाचाच मुद्दा उभा राहत नाही.

प्रतिकूल संघालाही स्वतःची रेषा लागते, आणि नवे संघ हमखास इथे घसरतात. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची ती वितंडा. 'तुमची बस वेळेवर येणार नाही, तुमच्याकडे पैसे नाहीत, तुमचा रस्ता खराब आहे' असे म्हणत राहणारा प्रतिकूल संघ वितंडा करत असतो. त्याने सांगितले पाहिजे की आम्हाला काय हवे: गावातली शाळा राहू द्या, पण कला, क्रीडा आणि विज्ञानाचे शिक्षक आठवड्यातून ठरावीक दिवशी शाळाशाळांत फिरू द्या. आता तुलना करायला दोन चित्रे समोर आली.

मुद्दे वाटून घेणे

एका संघाला तीन मुद्दे पुरतात, फार तर चार. पहिला वक्ता दोन मांडतो, दुसरा एक. तिसऱ्याकडे बहुधा नवा मुद्दा नसतोच, त्याचे काम वेगळे आहे.

वाटणी करण्याआधी संघाची एक ओळ ठरवा. तिघांनीही ती आपापल्या भाषणात म्हणायची. अनुकूलची अशी असू शकेल: 'मुलाला शिक्षक आणि सवंगडी दोन्ही मिळतील, तीच खरी जवळची शाळा.' प्रतिकूलची: 'शाळा गावात आली म्हणून ती मुलगी शिकली, शाळा लांब नेली तर सगळ्यात आधी तीच घरी बसेल.' ही ओळ सुभाषित नसते. प्रत्येक मुद्दा तिला टेकला पाहिजे. एखादा मुद्दा कितीही चमकदार असला तरी ओळीला टेकत नसेल तर सोडून द्या. हे मुलांना जिवावर येते, पण करून घ्यावे लागते.

आणखी एक पडताळणी. पहिल्या वक्त्याने म्हणायचे 'समूह शाळेने खर्च वाचेल' आणि दुसऱ्याने म्हणायचे 'समूह शाळेवर सरकार जास्त खर्च करेल', असे माझ्यासमोर एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. दोघांनी आपापली भाषणे वेगवेगळ्या खोल्यांत लिहिली की हे होते. म्हणून भाषणे लिहिण्याआधी तिघांनी एकमेकांना आपला मुद्दा तोंडी, दोन मिनिटांत सांगायचा.

मुद्दा उभा कसा करायचा

इथे न्यायदर्शनाचेच पाच अवयव कामाला येतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. शास्त्रातला नेहमीचा दाखला धुराचा. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावर तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन.

आता आपला मुद्दा त्यात बसवू. समूह शाळेमुळे मुलींची शाळा सुटेल. कारण अंतर वाढले की घरातले आधी मुलीला थांबवतात, मुलाला नाही. तिच्या सुरक्षिततेची काळजी आणि घरकामाची गरज या दोन्ही गोष्टी तिच्याच वाट्याला येतात. उदाहरण म्हणून, आमच्या शेजारच्या वाडीत चौथीपर्यंत शाळा आहे, पाचवीला चार किलोमीटर चालावे लागते, आणि चौथीतल्या मुलींपैकी किती जणी पाचवीत गेल्या हे आम्ही घरोघर विचारून आलो. या प्रस्तावामुळे तेच अंतर आता पाचवीऐवजी तिसरीतच आडवे येणार आहे. म्हणून गळती वाढेल, आणि ती अशा वयात वाढेल जेव्हा मुलीला धड लिहिता-वाचताही आलेले नसते.

मुले प्रतिज्ञा मोठ्या आवाजात करतात, उदाहरण रंगवून सांगतात आणि उपनय विसरतात. उदाहरण आणि आपला प्रस्ताव यांची गाठ मारणारे 'इथेही तेच घडेल, कारण' हे वाक्य त्यांच्या भाषणात नसते. परीक्षकाने ती गाठ स्वतःच्या मनात मारून घ्यावी अशी त्यांची अपेक्षा असते. सरावात मी या वाक्यावर अडून बसतो. उदाहरण झाले की थांबवायचे आणि विचारायचे: बरं, मग?

पुराव्याबद्दल थोडे. कायद्याची माहिती ठोस असावी. या विषयासाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा वाचलाच पाहिजे, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असे आहे. हे दोन आकडे सामन्यात दोन्ही बाजूंना वापरता येतात. प्रतिकूल म्हणेल, १ किलोमीटर हा मुलाचा हक्क आहे. अनुकूल म्हणेल, दोन शिक्षकांनी पाच इयत्ता एका खोलीत शिकवायच्या, याला हक्क कसे म्हणायचे? आकडा सांगताना तो कुठला आणि कोणत्या वर्षाचा हे बोलण्याची सवय लावा. 'एका सर्वेक्षणानुसार ८० टक्के' असे ऐकले की मी मुलाला खाली बसवतो. ठाऊक नसेल तर आकडा वापरू नये. स्वतः जाऊन पाहिलेली एक वाडी त्या ८० टक्क्यांहून कितीतरी भारी पडते.

टिपण काढणे

संघ-वादविवादाचा प्राण इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा. फुलस्केप कागद आडवा धरा, दुमडून सहा रकाने पाडा, एकेका वक्त्याला एकेक. दोन रंगांची पेने घ्या: समोरच्याचे निळ्याने, आपले उत्तर लालने. अनुकूलच्या पहिल्या वक्त्याने मांडलेला मुद्दा पहिल्या रकान्यात. त्याला उत्तर मिळाले तर ते शेजारच्या रकान्यात, त्याच ओळीत. मग त्या उत्तराला उत्तर, पुन्हा शेजारी. सामना संपेपर्यंत कागदावर आडव्या ओळी तयार होतात आणि एका नजरेत दिसते की कोणता मुद्दा शेवटपर्यंत लढला आणि कोणता मध्येच अनुत्तरित राहिला. अनुत्तरित मुद्दा मान्य केल्यासारखा धरतात. समोरच्या संघाने ज्या ओळीत काही लिहायला दिलेच नाही, ती ओळ तुमची.

पहिल्या दिवशी मुले शब्दन् शब्द उतरवायला जातात आणि अर्ध्यात हात थकतो. त्यांना सांगा: मुद्दा तीन शब्दांत, कारण पाच शब्दांत, उदाहरण असेल तर फक्त नाव. 'मुली-गळती / अंतर, काळजी, घरकाम / शेजारची वाडी.' एवढेच. सरावासाठी रेडिओवरची किंवा विधानसभेतल्या चर्चेची पाच मिनिटे लावा, टिपण काढायला सांगा, मग कागदावर बघून ते भाषण पुन्हा बोलून दाखवायला सांगा. मूळ वक्त्याला 'हो, मी हेच म्हणालो' असे वाटेल इतके नीट सांगता आले पाहिजे. आपल्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचे म्हणणे त्याच्याहून चांगले सांगायचे, आणि मगच उत्तरपक्षाकडे वळायचे, अशी शिस्त होती. ती शिस्त वाद करणाऱ्याच्या हिताची आहे. समोरच्याचा मुद्दा कमकुवत करून सांगितला आणि मग पाडला, तर परीक्षकाच्या कागदावर मूळ मुद्दा तसाच उभा राहतो.

खंडन

उत्तर देण्याच्या वाटा मोजक्या आहेत. 'हे खरे नाही' ही पहिली, आणि मुलांना ही एकच माहीत असते. 'खरे आहे, पण या प्रस्तावाशी त्याचा संबंध नाही' ही दुसरी. 'खरे आहे, पण त्याचे वजन आमच्या मुद्द्यापुढे कमी आहे' ही तिसरी. 'खरे आहे, आणि त्यामुळे तर आमचीच बाजू बळकट होते' ही चौथी, सर्वांत देखणी, पण रोज सापडत नाही. तिसरी वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिची सुरुवात 'मानले तरी' या दोन शब्दांनी होते.

अनुकूलची दुसरी वक्ती मुलींच्या गळतीला असे उत्तर देऊ शकते:

'प्रतिकूल बाजूच्या पहिल्या वक्त्याने सांगितले की अंतर वाढल्यावर मुली घरी बसतील. पायी जायचे अंतर वाढले तर हे खरे आहे. त्यांनी दिलेले उदाहरणही चार किलोमीटर चालणाऱ्या मुलींचे आहे. आमच्या योजनेत बस वस्तीतून निघते, आणि जिथे बारमाही रस्ता नाही ती वस्ती आम्ही वगळलेली आहे. पण काही पालक तरीही मुलीला पाठवणार नाहीत असे मानले, तरी तुलना करा. आज तीच मुलगी सात मुलांच्या शाळेत, तिच्या वयाची एकही मैत्रीण नसताना, एका शिक्षकाच्या चौथ्या हिश्श्याच्या लक्षावर शिकते आहे. तिची शाळा कागदावर चालू आहे, शिक्षण मात्र आजच सुटलेले आहे.'

यात आधी समोरच्याचे म्हणणे आले, नेमक्या वक्त्याचा उल्लेख आला, उदाहरणातली फट दाखवली गेली, आणि मग 'मानले तरी' आले. नवख्या वक्त्याला एवढे सुचायला दहा-बारा सामने लागतात. सुरुवातीला साधा साचा द्या: ते म्हणाले, पण, कारण, म्हणून. आणि एक पथ्य पाळायला लावा: उत्तर मुद्द्याला द्यायचे, माणसाला नाही. 'माझे मित्र अभ्यास न करता आले आहेत' या वाक्याला सभागृहात हशा मिळतो, पण टिपणाच्या कागदावर त्याला रकाना नाही.

खंडन भाषणाच्या सुरुवातीला करावे. पहिल्या वक्त्याचे (प्रतिकूल) दोन-एक मिनिटे, दुसऱ्याचे तीन-चार, तिसऱ्याचे जवळजवळ पूर्ण भाषण. 'आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक, सुज्ञ श्रोते आणि माझ्या बालमित्रांनो' यात वीस सेकंद जातात. 'अध्यक्ष महाराज' एवढे पुरे.

मध्येच उठून विचारणे

या पद्धतीत भाषण चालू असताना समोरच्या संघातले कुणीही उभे राहून छोटा प्रश्न किंवा आक्षेप मांडू शकते. त्याला पॉइंट ऑफ इन्फर्मेशन म्हणतात. मुले पीओआय म्हणतात, आपणही तेच म्हणू. नियम साधे आहेत. पहिले मिनिट आणि शेवटचे मिनिट संरक्षित, मधल्या काळातच विचारता येते. वेळ पाहणारा पहिल्या आणि सातव्या मिनिटाला एकेक टकटक करतो, आठव्याला दोनदा. समारोपाच्या भाषणात पीओआय नसतो. उभे राहायचे, वक्त्याने 'बोला' म्हटले तरच बोलायचे, १५ सेकंदांच्या आत संपवायचे. वक्ता हाताने बसायची खूण करू शकतो आणि मग निमूट बसायचे. ८ मिनिटांच्या भाषणात दोन पीओआय स्वीकारावेत. एकही न घेणारा वक्ता घाबरलेला दिसतो, चार-पाच घेणाऱ्याचे भाषण दुसऱ्याच्याच हातात जाते.

घ्यायचा तर केव्हा? स्वतःचा एखादा मुद्दा पूर्ण झाल्यावर, पुढचा सुरू करण्याआधी. वाक्याच्या मध्यावर कधीही घेऊ नये. आणि विचारायचे काय? छोटे, आणि उत्तर दिले तरी अडचण, न दिले तरी अडचण असे. 'पावसाळ्यात बस चार दिवस आली नाही तर त्या चार दिवसांत तिसरीतले मूल कुठे असेल?' हा चांगला पीओआय आहे. 'तुम्हाला ग्रामीण भागातल्या समस्यांची जाणीव आहे का?' हा टाकाऊ, कारण त्याचे उत्तर 'हो' आहे आणि विषय संपला.

लाजाळू मुलांसाठी पीओआय हे उत्तम दार आहे. आठ मिनिटे बोलायला जी मुलगी तयार नसते, ती पंधरा सेकंद बोलायला तयार होते.

तिसरा वक्ता आणि समारोप

तिसरा वक्ता उभा राहतो तेव्हा कागदावर दहा-बारा ओळी झालेल्या असतात. एकेक घेऊन उत्तरे देत बसला तर यादी होते, भाषण होत नाही. त्याने सामना दोन किंवा तीन प्रश्नांत गोळा करायचा. आपल्या विषयात ते असे असतील: मूल शाळेत पोहोचेल का? पोहोचल्यावर जास्त शिकेल का? आणि गावातली शाळा गेल्याने गाव काय गमावते? प्रत्येक प्रश्नाखाली दोन्ही बाजू काय म्हणाल्या, आपले म्हणणे का टिकले, हे सांगायचे. प्रतिकूलच्या तिसऱ्या वक्त्याने नवा मुद्दा आणायचा नाही, कारण त्याला उत्तर द्यायला समोर कुणी मुख्य वक्ता उरलेला नसतो. नवे उदाहरण मात्र चालते.

समारोप करणाऱ्याने लढाई थांबवायची आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यासारखे बोलायचे: हा सामना कुठे ठरला, आणि तिथे आम्ही का पुढे आहोत. आवाज खाली आणावा. तिसऱ्याने जे केले त्याचीच छोटी आवृत्ती समारोपात नको. एकच निर्णायक जागा निवडून ती शांतपणे उलगडणारा चार मिनिटांचा समारोप मी ऐकला आहे आणि त्याने सामना फिरलेला पाहिला आहे.

गुण कसे देतात

आशयाला ४० टक्के, शैलीला ४० टक्के, डावपेचाला २० टक्के. मुख्य भाषणाला ६० ते ८० च्या दरम्यान गुण, ७० म्हणजे सरासरी. समारोपाला त्याच्या निम्मे, ३० ते ४०. पीओआय उत्तम किंवा फार वाईट असतील तर एखाद-दोन गुण इकडेतिकडे. ज्या संघाला परीक्षक विजयी ठरवतो, त्याचीच बेरीज त्याच्या कागदावर जास्त असली पाहिजे.

डावपेच म्हणजे काय, हे शिक्षकांनाही समजावून सांगावे लागते. वेळ कुठे घालवला, महत्त्वाच्या मुद्द्याला जास्त वेळ दिला का, संघाची ओळ तिघांनी पाळली का, समोरच्याच्या सर्वांत बळकट मुद्द्याला हात घातला की सोप्यालाच झोडपत बसले, हे सगळे त्यात येते. शैलीचे ४० टक्के मात्र आपल्या मुलांना आयते मिळू शकतात, कारण वक्तृत्वाची परंपरा त्यांच्या पाठीशी आहे. फक्त हातवारे आणि चढे स्वर कमी करायला सांगा. बोलीचा लहेजा असेल तर तो काढून टाकू नका. परीक्षक म्हणून बसाल तेव्हा वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाच्या बोलण्याचे गुण कापू नका. स्पष्ट ऐकू येते आणि समजते, एवढीच शैलीची अट आहे.

तासाभराची तयारी

स्पर्धेत काही प्रस्ताव आधी कळतात, काही सामन्याच्या तासभर आधीच. त्या तासात बाहेरच्या कुणाची मदत नाही, इंटरनेट नाही. तो तास असा वापरा. पहिली दहा मिनिटे कुणी कुणाशी बोलायचे नाही. प्रत्येकाने आपल्या कागदावर दोन्ही बाजूंचे सुचेल ते लिहायचे. लगेच बोलायला लागले की सर्वांत मोठ्या आवाजाच्या मुलाचेच मुद्दे संघाचे होतात. मग पंधरा मिनिटे सगळे एकत्र मांडून ओळ ठरवायची आणि तीन मुद्दे निवडायचे. पहिल्या वक्त्याला वीस मिनिटे लिहायला मोकळे सोडायचे. त्या वेळात बाकीचे दोघे समोरचा संघ काय म्हणेल याची यादी करून उत्तरे शोधतात. उरलेल्या वेळात पहिल्याने भाषण म्हणून दाखवायचे. पूर्ण वाक्ये लिहून काढायची नाहीत. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मुद्दे, बस्स. हातात लिहिलेले भाषण असले की डोळे त्यावरून उठत नाहीत.

शाळेत सुरुवात कुठून

सहा मुले आणि आठवड्यातून एक जोडतास एवढ्यावर सुरू होते. पहिल्या आठवड्यात भाषण नकोच, नुसते टिपण. दुसऱ्या आठवड्यात जोड्या लावा: एकाने मिनिटभर मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने तो आधी जसाच्या तसा सांगायचा आणि मगच उत्तर द्यायचे. तिसऱ्यात पाच अवयवांचा मुद्दा. चौथ्यात पीओआय, आणि पाचव्या-सहाव्यात ५ मिनिटांचा पहिला सामना. पहिल्या सामन्याचा विषय शाळेतलाच घ्या, गणवेश किंवा स्नेहसंमेलनाचा खर्च, म्हणजे माहितीअभावी कुणी अडणार नाही.

सामना झाला की निकाल सांगण्याआधी प्रत्येक मुलाला विचारा: समोरच्याचा कोणता मुद्दा तुला सर्वांत जड गेला? पंधरा दिवसांनी त्याच मुलांकडून त्याच प्रस्तावावर बाजू बदलून सामना करून घ्या. समूह शाळेच्या विरोधात तळमळून बोललेली एक मुलगी बाजू बदलल्यावर म्हणाली होती, 'सर, आमच्या वर्गात मी एकटीच होते, हे मी त्या दिवशी सांगितलंच नव्हतं.' तिच्या अनुकूल बाजूच्या भाषणाचा पहिला मुद्दा तोच झाला.